घरोघर शिजणारं कढण

मुंबईला हिवाळा नसतो असं म्हणणाऱ्या माणसाला आमच्या आतोबांनी एखादवेळेस माफ केलं असेल, पण काहीतरी खाऊ घातल्याशिवाय सोडलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. परळला भोईवाड्याजवळच्या चाळीत राहायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. मी नोकरीसाठी मुंबईत आलो तो त्यांच्याच खोलीत पथारी टाकली. दिवाळी सरली की सगळी चाळ नुसत्या बनियनवर गॅलरीत उभी असायची आणि हा गृहस्थ खोलीत बाजरी, तीळ, सुंठ, गूळ यांची अशी जमवाजमव करायचा की जणू उद्या परळवर बर्फच पडणार आहे! मी एकदा घोंगडी घ्यायची गोष्ट काढली तर केवढे उखडले. "मेल्या, थंडी काय भायरसून येता? ती रिकाम्या पोटातसून येता. घोंगडी घेतलंस तर घोंगडी गरम होतली, तू नाय!"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आतोबा प्रत्येक मोर्चाला जायचे, पण खिशात सुंठेच्या वड्या घेऊन. त्यांचं म्हणणं असं की गारठलेल्या माणसाची घोषणा पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. एकदा तर बंदोबस्तावरच्या पोलिसालाच कुडकुडताना बघून त्यांनी वडी दिली. आमची मंडळी भडकली. आतोबा शांतपणे म्हणाले, "तो आपलोच असा. फक्त उपाशी असा."

पण त्यांचं खरं कर्तृत्व म्हणजे कुळथाचं कढण. कुळीथ शिजायला चिवट, त्याला कोळसा फार लागतो. यावर त्यांनी तोड काढली होती. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या तरी शेगडीत निखारे उरतातच. ते फुकट का घालवायचे? तेव्हा ते कुळथाचा टोप आपल्या शेगडीवरून उचलून शेजारच्या शेगडीवर ठेवायचे, ती निवली की पुढच्या खोलीत. टोप असा सगळी गॅलरी फिरून यायचा. कुणी त्यात कोकमाची सोलं टाकायचं, कुणी लसूण ठेचून. शेवटी ज्याच्या ज्याच्या शेगडीवर टोप बसला त्याला त्याला पेलाभर कढण. माझ्या आत्याला दमा होता, आणि थंडीत तिची छाती मोकळी व्हायची ती ह्या कढणानंच.

त्या वर्षी शेवटच्या खोलीत एक बौद्ध कुटुंब राहायला आलं, नुकतीच दीक्षा घेतलेलं. आतोबांना काय, आणखी एक शेगडी मिळाली! टोप घेऊन थेट दारात. त्या घरच्या वहिनी मोठ्या रोखठोक. म्हणाल्या, "ठेवा की दादा. पण उद्या बाकीच्यांनी दारं लावली तर माझ्या नावानं बोटं मोडू नका."

आणि लावलीच की हो दारं! दुसऱ्या दिवशी जिथं जावं तिथं शेगडी विझलेली. मोर्चात खांद्याला खांदा लावणारी हीच माणसं! अजून आठवलं की डोकं तापतं माझं. शेजारच्या सरूबाईंनी तर तोडगाही सुचवला, "टोप तेवढा आमच्यापर्यंतच आणा. शेवटच्या खोलीत कशाला?" आतोबा टोप धरून गॅलरीत उभे राहिले. आत आत्याची खोकून खोकून दैना झाली होती. तीन-चार दिवस आमच्या आणि वहिनींच्या अशा दोनच शेगड्यांवर कुळीथ धड शिजत नव्हते, आणि अर्धकच्च्या कढणानं तिला उतार पडत नव्हता. माणूस डगमगला, मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात आतून खोकत खोकतच आत्या ओरडली, "उभे काय ऱ्हवलास? कढण निवता मां!"

आतोबा शेवटच्या खोलीकडे चालू लागले.

हा बहिष्कार मोडला तो सरूबाईंच्या सासूनं. म्हातारीच्या तोंडात दात नव्हता, कढण हेच तिचं रात्रीचं जेवण. कढण का येत नाही ते सुनेनं सांगितलं तशी ती पेला घेऊन भिंत धरत धरत निघाली आणि शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "घाल गे बाय," म्हणाली. वहिनींनी पेला भरला. म्हातारी चवीनं भुरके मारत होती आणि ते सगळ्या गॅलरीला ऐकू जात होते. दुसऱ्या संध्याकाळी सरूबाई आतोबांकडे न बघताच पुटपुटल्या, "ठेवा टोप. निखारे फुकट जातत." मग एकेक दार उघडलं. दोन दारं मात्र कधीच उघडली नाहीत. आतोबांनी ती ओलांडून टोप पुढे न्यायचा परिपाठ ठेवला, पण कढणाचा पेला ते त्याही उंबऱ्यांवर ठेवून यायचे. आत्याचा खोकला संक्रांतीपर्यंत कमी झाला.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्या माझ्याकडे दादरला असते. मागच्या हिवाळ्यात छाती भरली म्हणून माझ्या बायकोनं गॅसवर कढण केलं, सोलं, लसूण, सगळं सांगितल्याप्रमाणे घालून. आत्यानं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

"बरा झालाहा गो," ती म्हणाली. "पण एकाच घरचा लागता."