तात्या आणि चार कनेक्शनं

निरवांगीच्या वाट्याची ऊसतोड टोळी मी एकदा बावड्याला धाडली, आणि वर सगळ्यांना सांगत सुटले की कॉम्प्युटर चुकला. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन मी इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात लागले होते, आणि मान अशी ताठ की कारखान्याचं दार मला बुटकं वाटायचं. आज मुलं मला मोबाइल शिकवतात, ही त्याचीच फेड असावी.

ती चूक ज्यांना भोवली ते केरबातात्या आता नाहीत. शेतकी खात्याचे हेडक्लार्क. घर पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांचं, गाव निरवांगी. तोडणीची यादी आली की ते डोळे मिटून बसायचे. "शेतांची नावं वाचा म्याडम, आकडं मागनं." शेत डोळ्यांपुढं उभं राहिल्याशिवाय शिक्का उठत नसे. मला हे अगदीच मागासलेलं वाटायचं.

आमच्याकडे टर्मिनलं बारा आणि डेटाबेसची कनेक्शनं चारच. म्हणून ती मी सामाईक ठेवली होती. काम आलं की एक घ्यायचं, झालं की परत ठेवायचं. कुठल्या गावाचं काम चालू आहे, ते कनेक्शन लक्षात ठेवी. दर वेळी गाव नव्यानं सांगण्यात वेळ जातो म्हणून मी अक्कल चालवली. आधीचं गाव असेल तर तेच राहू दे. एसटीत उतरून गेलेल्याच्या तिकिटावर पुढच्याला बसवावं, तसला हा प्रकार. मी त्याला वेग म्हणायचे.

नेमके तात्या लग्नाला कऱ्हाटीला गेले आणि शिक्का माझ्याकडे आला. यादीवर मथळा निरवांगीचा, खाली शेतं सगळी बावड्याची. मी मथळा वाचला आणि शिक्का हाणला. निरवांगीच्या उसाची पाळी चुकली, फडात तुरे डोलू लागले, म्हणजे वजन घटलं. शिक्का तात्यांचा, म्हणून त्यांनी बावडेकरांकडून काहीतरी घेतलं, असं त्यांचंच गाव बोलू लागलं. पारावर कुणी त्यांना रामराम घालेना.

परत आल्यावर ते सकाळभर माझ्याशेजारी बसले आणि निरवांगीची यादी पुनःपुन्हा काढायला लावली. चौथ्या खेपेला बावड्याची शेतं आली. आत्ता मशीनवर कोण होतं, त्यांनी विचारलं. बावड्याचा क्लार्क नुकताच उठला होता.

"म्हंजी आदल्याचं गाव तसंच ऱ्हातंय व्हय?"

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले.

दुपारपर्यंत दुरुस्ती केली. कनेक्शन परत ठेवताना गाव पुसायचं, घेताना नव्यानं सांगायचं. दहा वेळा चालवून दाखवलं. आता हे मशीन चुकणार नाही तात्या, असं म्हणून मी शाबासकीची वाट बघत बसले. तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"मशीन बरं झालं, ब्येस झालं. आता गाडीवर बसा. निरवांगीत समद्यांदेखत सांगा, चूक कुणाची हाय ती. माझं नाव काय तुमचं मशीन धुऊन देणार न्हाय."