वारशाचे पेढे

आमच्या घरी वारसा आला तवा मी गल्लीत पेढे वाटले. खोटं नाय सांगत. कमी पडायला लागले तवा अर्धे अर्धे मोडून दिले, पण वाटले.

झालं असं, की एका दुपारी एक माणूस माझ्या भिंतीला कागद चिकटवून गेला. मला वाचता येतं, पण चढाला लागलेल्या ट्रॅक्टरवानी, एकेका अक्षराला घुरघुरत. शाळा मी तिसरीत सोडली. खरं तर शाळेनंच मला सोडलं. तर त्या कागदावरचं 'वारसा' एवढं मी लावलं आणि थांबलो. पुढं वाचायची गरजच वाटली नाय. लासूर स्टेशनला माझ्या चुलत्याची जमीन होती, पोरबाळ नव्हतं, आणि चुलता नुकताच गेला होता. मी म्हणलं, लागलं आपलं नाव!

बायकोला खालूनच हाक मारली, "अगं, आता वर तुझ्या खोलीला लागून कमोड बांधू! टाइल्स लावून!"

ती वरून म्हणली, "आधी जमीन किती हाय ते तर बघा."

"जमीन कितीबी असू दे. कमोड पयला."

ह्याचं कारण सांगतो. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. आमची झोपायची खोली वर, आणि संडास खाली अंगणात, उकिडवं बसायचा. मधी नऊ पायऱ्या, जुन्या काळच्या दगडी. एकेक पायरी अशी उंच, की बांधणारानं घोड्याचं माप घेतलं असंल. बायको त्या बसून बसून उतरती, आणि खाली एकदा बसली की तिला उठवायला मला जावं लागतं. दुपारनंतर ती पाणीच प्यायची नाय. पाणी पिलं की उतरावं लागतं म्हणून. मला हे समजायला एक वर्ष लागलं. मी आपला समजत होतो, बाईला तहानच लागत नाय.

तर पेढे वाटत समोरच्या टेलरकडं गेलो. त्याला सगळी गल्ली चाचा म्हणती. चाचानं आधी पेढा खाल्ला, मग येऊन कागद वाचला, मग मिशा पुसल्या.

"अरे भाई, ये वो वारसा नै. तेरा घर वारसा क्षेत्र में आया. वो जुना दरवाजा है ना, उसके साथ में गिन लिए तेरेकू."

"म्हणजे मला काय मिळालं?"

"तेरेकू कुछ नै मिला. तूच उनकू मिला."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शहराच्या जुन्या तटाचा दरवाजा हाय. त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत नवी वीट लावायची नाय. दुरुस्ती करायची तर विचारून. सिमेंट नको, चुना वापरा. पत्रे नको. समोरून रंग 'सौम्य आणि परिसराला शोभेसा' पायजे. माझं घर पोपटी हाय. लेकीच्या लग्नात दिलेला रंग. खिडक्या गुलाबी, कारण पोपटी पुरला नाय. परिसराला काय शोभतं ते परिसरानं मला कधी सांगितलं नव्हतं.

आणि तो दरवाजा बघा. डोक्यातून पिंपळ उगवलाय, मूळ माझ्या मांडीएवढं. त्या पिंपळानं कुणाची परवानगी घेतली? पोटावर दातांच्या दवाखान्याची आणि इंग्रजी बोलायच्या क्लासची पोस्टरं. जाणारा प्रत्येक टेम्पो गाल घासून जातो. त्याची देखभाल कुणी करत नाय. नोटीस माझ्या भिंतीला, कारण दरवाज्यावर जागाच शिल्लक नव्हती.

मग मोजणीवाला आला. एकटाच. माप घ्यायला दोघं लागतात हे हापिसात कुणाच्या ध्यानातच आलं नसंल. तो टेपाची डबी घेऊन दरवाज्यापाशी उभा ऱ्हायला आणि टोक माझ्या हातात दिलं. म्हणला, "काका, जरा घरापर्यंत नेऊन धरा."

आता माझी गोष्ट अशी, की मी चिकलठाण्याच्या कंपनीत तीस वर्षं पॅकिंगला होतो. खोक्याला प्लास्टिकची पट्टी घालायची आणि वाजेपर्यंत ताणायची, दुसरं काम नाय. पट्टीसारखं काही हातात आलं की मी ताणतोच. तसा सरळ चालत उंबऱ्यापाशी गेलो आणि टेप असा ताणला, असा ताणला, की त्याच्यावर कावळा येऊन बसला असता.

"अठ्ठ्याण्णव!" मोजणीवाला तिकडून वरडला.

मी छाती फुगवून विचारलं, "बरोबर भरलं ना?"

"एकदम कडक, काका!"

मग चाचाचा नंबर. त्याचं घर माझ्या बरोब्बर समोर, तोंडाला तोंड. चाचानं टोक धरलं आणि निघाला. लिंबाच्या झाडाला वळसा, उभ्या स्कूटरला वळसा, केळीवाल्याच्या गाड्याला वळसा, मधी थांबून एकाला सलाम. टेप आपला सापासारखा मागं. एकशे तीन! चाचा सुटला. पुढं त्यानं वर एक मजला चढवला, निळ्या काचांचा.

बायको वरच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. म्हणली, "कंपनीनं तुम्हाला घरी बसवलं ते बरंच केलं. नायतर एक दिवस मलाबी खोक्यात घालून आवळलं असतं."

मग मी परवानगीसाठी त्या वारसावाल्या हापिसाच्या खेपा सुरू केल्या. साहेबाला दर खेपेला सांगायचो, "साहेब, नवा कमोड बांधायचाय. एकदम नवा कोरा!" मला वाटायचं, नवा म्हणलं की साहेबाला बरं वाटंल. साहेब म्हणायचा, "नवं काहीच नाही." अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बायको म्हणली, "मीच येते. माझे गुडघे बघू दे त्यांना."

हापीसबी एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. बायको कठड्याला धरून पुढं आणि मी मागून ढकलतोय. शिपाई हसत होते. मीबी हसलो, म्हणलं आपणच एकटे कशाला गंभीर ऱ्हायचं. वर पोचल्या पोचल्या तिनं विचारलं, "संडास कुठं हाय?" साहेबानं पेनानंच कोपरा दाखवला.

ती लई वेळानं बाहेर आली. साहेबाच्या टेबलासमोर बसली.

"साहेब, ही इमारत जुनीच ना?"

"दोनशे वर्षांपूर्वीची, मावशी."

"मग आत कमोड कसा? कोरा करकरीत हाय. टाइल्सबी लावल्यात. ते काय त्या काळच्या लोकांनी बसवलं?"

साहेबानं पेनाचं टोपण काढलं, परत बसवलं. "ते नवीन नाही मावशी. ती डागडुजी आहे."

"मग आमचीबी डागडुजीच लिहा." आणि माझ्याकडं वळली, "तीन खेपा 'नवं, नवं' करत बसलात! तुम्हाला एवढा एक शब्द नाय सापडला?"

नाय सापडला. तीन इयत्तांत तो धडाच नव्हता.

पण साहेबबी काय कमी नव्हता. म्हणला, "डागडुजी मूळ जागेवरच करता येते. तुमचा संडास खाली आहे, तो वर नेता येणार नाही."

बायकोनं पदर खोचला. मग म्हणली, "संडास हलवता येत नाय. बाई हलवता येती का?"

"म्हणजे?"

"मीच खाली ऱ्हायला येते. माझ्यावर काय नियम हाय?"

आता हसू नका. त्यानं खरंच फाईल उघडली. पानं उलटली. मग म्हणला, "नाही. तसा काही नियम दिसत नाही."

अर्ज चाचानं लिहून दिला. डागडुजी हा शब्द त्यात पाच जागी घातला. कागद सुटला, आणि पैठणकडून चुन्याचं काम करणारा एक म्हातारा गवंडी आणला. त्यानं चुन्यात गूळ कालवला, बेलफळाचं पाणी ओतलं. गुळाचा वास आला म्हणून मी बोट घालून चाखलं. तोंड असं भाजलं, की दोन दिवस बोलता आलं नाय. इतके दिवस हापिसवाले मला चुना लावत होते, आता मी माझ्या हातानं लावून घेतला. गल्लीला मात्र ते दोन दिवस आवडले म्हणतात. गुळाला मुंग्या लागल्या त्या वेगळ्या. भिंत सुकेपर्यंत संडासात आमच्या आधी त्यांचीच रांग.

खालच्या खोलीत माझी पत्त्यांची मंडळी बसायची. त्यांना उठवलं आणि तिथं बायकोची खाट टाकली. अंगणात कमोड बसला. पयल्या दिवशी ती आत गेली, कडी लावली आणि अर्धा तास बाहेरच आली नाय. मी घाबरून दार वाजवलं, तर आतून म्हणली, "जरा बसू द्या की माणसाला निवांत!"

काम झाल्यावर साहेब स्वतः बघायला आला. खिळ्यानं भिंत खरवडून चुनाच हाय ना ते बघितलं, आणि फोटोला माणूस पायजे म्हणला. बायकोनं पदर तोंडावर घेतला. मग मीच डोक्याला तेल लावून कमोडाशेजारी उभा ऱ्हायलो, त्याच्या झाकणावर हात ठेवून, नवरदेव घोड्यावर ठेवतो तसा. आता तो फोटो हापिसाच्या वरच्या व्हरांड्यात फळ्यावर लावलाय. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आदर्श देखभाल'. दरवाज्याचा फोटो तिथं नाय. कसा असंल, पिंपळ दिसंल ना! तीस वर्षं कंपनीत माझा फोटो कधी लागला नाय, सरकारनं लावला.

घरी येऊन बायकोला म्हणलं, "चल, तुला दाखवून आणतो."

ती खाटेवर पाय पसरून बसली होती. म्हणली, "मी कशाला त्या पायऱ्या चढू? मला आता घरीच हाय."