सटवाजी आबांचा डावा डोळा

गेल्या दिवाळीत सटवाजी आबांनी मला एक प्रश्न विचारला. आम्ही त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापुढे बसलो होतो. मी पेपर वाचून दाखवत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मास्तर, माणसाचं डोस्कं हळूहळू जात असलं, तर ते त्याला सोताला कळतं का?"

मी मास्तर नाही. मराठीत एम. ए. केलं आणि गोरेगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. पण आबा मला मास्तरच म्हणतात. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, माझं सव्वीस. आमची दोस्ती कशी झाली ते आता दोघांनाही आठवत नाही.

"कुणाचं डोस्कं?" मी विचारलं.

"हाय एकाचं. वाच तू पुढं."

तो एक कोण, हे मला माहीत होतं. आसपासच्या शेतांत सोयाबीन कधी कापायचं ते आबा सांगायचे. दिवस उगवताना बांधावर उभं राहायचं, शेत एकदा नजरेखालून घालायचं आणि तारीख सांगायची. बाकीचे लोक शेंग तोडतात, कानाशी वाजवतात, दाणा दाताखाली धरून बघतात. आबांना तो कमीपणा वाटे. "शेंगंला काय इचारायचं? रान सोता सांगतं," असं म्हणायचे. वीस-बावीस वर्षं त्यांची तारीख चुकली नव्हती.

मग लागोपाठ दोन वर्षं चुकली. पहिल्या वर्षी त्यांचा मुलगा सोमेश्वर म्हणाला होता, दादा, अजून हिरवं आहे. आबा भडकले होते. पिवळंजर्द झालंय, तुला दिसत न्हाई काय? मग कापलं आणि ढीग करून सुडी लावली. आठ दिवसांत सुडी आतून तापली, दाणे काळे पडले. शेजारच्या नरसिंगनेही आबांच्या शब्दावर कापलं होतं. त्याचंही तसंच झालं. नरसिंग भांडला नाही. पुढच्या वर्षी त्याने फक्त विचारलं नाही. त्या वर्षी आबांनी स्वतःचं सोयाबीन पुन्हा कच्चंच कापायला लावलं, आणि तेव्हापासून बांधावर जाणं सोडलं.

यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दसऱ्यानंतर नांदेडला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं महिन्याने करायचं ठरलं.

शुक्रवारी डोळ्यावरची पट्टी निघाली. शनिवारी लेक साधना परभणीहून आली, तिची सहा वर्षांची प्रतीक्षा बरोबर. मी डोळ्यात टाकायचे थेंब घेऊन गेलो. आखाडा भरलेला होता. चुलीवर पुरणाचा वास. चारी बाजूंनी रंग चढला होता. सोयाबीन पिवळं, कापूस फुटलेला, पलीकडे हळदीचं हिरवं रान, दारात झेंडू. आबा काळा चष्मा लावून बाजेवर बसले होते.

"कसं दिसतं, दादा?" साधनाने विचारलं.

"दिसतं."

"नीट दिसतं का?"

"दिसतं म्हणलं न्हवं."

आबांच्या पत्नी मनकर्णामाय चुलीपासून ओरडल्या, "ऑपरेशन डोळ्याचं केलं का जिभंचं, इचार गं त्येन्ला!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. पोळी त्यांनी अर्धी खाल्ली आणि ताट सरकवलं.

रविवारी सकाळी मी पुन्हा गेलो. उन्हं नुकतीच आली होती. आबा बाजेवर एकटे होते. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. एका तळहाताने ते एक डोळा झाकत होते, मग दुसरा.

"मास्तर, इकडं ये. कुणाला सांगू नको." त्यांनी मला बाजेवर बसवलं. "डागदरनं घोळ केला. आत निळं भिंग बसवलं."

"निळं कसं?"

"धोतर निळं दिसून राहिलं. दूध निळं. कापसाचं बोंड निळं. हा नवा डोळा झाकला की समदं बराबर." त्यांनी शेताकडे हात केला. "आन् ते बघ. उजव्यानं पाह्यलं तर सोयाबीन पिकलं. डाव्यानं पाह्यलं तर खालची पट्टी हिरवीच. सोम्या उद्याचे मजूर सांगून राहिला. काय सांगू त्याला? आधी डोस्कं गेलं, आता डोळाबी गेला."

मी शेताकडे पाहिलं. खालची पट्टी हिरवी होती.

"आबा," मी म्हणालो, "ती हिरवीच आहे."

"तूबी माझं मन राखू नको."

तेवढ्यात प्रतीक्षा दात घासत अंगणात आली. आबांनी तिला बोलावलं. "हे लेकरू खोटं बोलणार न्हाई," मला म्हणाले. डावा डोळा झाकून त्यांनी विचारलं, "बाई, तुझा फ्रॉक मातकट हाय का?"

"मातकट म्हणजे?"

"मातीवानी."

"छी! निळा आहे आबा."

त्यांनी हात बदलला. बराच वेळ फ्रॉककडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझे मोजे आण."

तिला खेळच मिळाला. मोजे, टॉवेल, झेंडू, स्टीलचा तांब्या, आईची ओढणी, एकेक आणून ती समोर धरू लागली. दर वेळी दोन्ही डोळ्यांची साक्ष निघाली. डाव्याशी ताडून पाहिल्यावर उजव्याला मोजे हळदीत बुडवलेले दिसले, डाव्याला निळसर पांढरे. "पांढरे!" ती ओरडायची. "हा डोळा पास. तो डोळा नापास."

उजवा डोळा प्रत्येक वेळी नापास झाला.

गोंगाटाने सोमेश्वर बाहेर आला. मी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून उभा राहिला.

"डॉक्टर म्हणले व्हते," तो म्हणाला. "डोळ्यातलं जुनं भिंग पार चहावानी झालतं, नव्यातून काही दिस समदं निळं वाटंल. मला वाटलं, तसंच असतंय. तुमाला सांगायचं ध्यानातच न्हाई आलं."

"चहावानी?"

"व्हय, दादा. काळ्या चहावानी."

आबांनी पुन्हा डावा डोळा झाकून पाहिलं. मग हळूच बोलले, "म्हंजे दोन साल मी चहातून पाहून राहिलो."

"व्हय."

"आन् तू हिरवं म्हणला व्हता, ते हिरवंच व्हतं."

"व्हय, दादा."

"मंग डोस्कं?"

सोमेश्वरला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना वाटत होतं, आपलं डोकं चाललंय," मी म्हणालो. तेव्हा तो खाली बसला, अगदी बाजेच्या पायाशी. "दादा, तुमी ह्या चिंतंत व्हता? दोन साल? काहून बोलला न्हाई?"

"काय बोलू? येडा झालो म्हणून गावात सांगू?"

"डोस्कं बराबर हाय तुमचं."

आबांनी लांब श्वास सोडला. इतका लांब, की मला भीती वाटली. मग त्यांनी घराकडे तोंड केलं. "अगं, कालची पोळी हाय का? भूक लागली."

मनकर्णामाय ताट घेऊन आल्या. आबांनी डाव्या डोळ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे जांभळं लुगडं कवा घेतलं?"

"दोन सालं झाली. तुमीच आणलं औंढ्याच्या जत्रंतून."

"मी तर चांगलं तपकिरी आणलं व्हतं."

"दोन सालं मी जांभळं नेसून फिरून राह्यले, आन् ह्यो माणूस तपकिरीसंगं संसार करून राह्यला!" माय म्हणाल्या. साधना हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

आबांनी दोन पोळ्या खाल्ल्या. वर दूध प्यायले. निळं दूध, म्हणाले, पण चव तीच.

सोमेश्वरच्या हातात फोन होता. मजुरांना निरोप द्यायचा होता. आबांना बांधावर जायची परवानगी नव्हती, धुळीची भीती होती. त्यांनी बसल्या जागेवरून शेत पाहिलं. मग उठले, दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

"काय म्हणता, दादा?" सोमेश्वरने विचारलं. "उद्या बोलवू का?"

"माझा एकच डोळा खरा हाय. तुझे दोन. तू सांग."

सोमेश्वर कुंपण ओलांडून खालच्या पट्टीत गेला. त्याने एक शेंग तोडली, कानाशी धरली, दाणा चावून पाहिला. आबांनी हे सगळं पाहिलं.

"पाच दिवस थांबू," तो तिथूनच ओरडला.

"थांब," आबा म्हणाले, आणि काळा चष्मा डोळ्यांवर चढवून बाजेवर आडवे झाले. सकाळचे साडेआठ वाजले होते. माय सांगत होत्या, शुक्रवारपासून त्यांनी डोळा मिटला नव्हता. आम्ही चहा पीत होतो तेव्हा ते घोरायला लागले.