नरहरचा पाट

तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत, वनमालाताईंच्या जिभेला सगळे टरकून असत. त्या ब्लाउज शिवायच्या, आणि माप घेताना बाईच्या सुटलेल्या अंगाबद्दल जे सुनवायचं ते तिच्या नवऱ्यासमोर सुनवायच्या. तरी दिवाळीच्या आधी त्यांच्या दारात बायकांची गर्दी व्हायची, कारण त्यांच्या हातची शिलाई उसवत नसे. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. मी शारदा, त्यांची भिंतीपलीकडची शेजारीण. आमची भांडणं व्हायची, आणि आमटीची वाटी इकडून तिकडे गेली की मिटायची.

जगात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ नरहर. जवळच्या गावी, अभनपूरला, त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. भाऊबीजेला तो बसने यायचा, पिशवीत ओले शिंगाडे घेऊन. पाटावर बसला की गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "तायडे, ओवाळ लवकर, पोटात कावळे ओरडून राहिले!"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. तोंडही कोणाला दाखवलं नाही. गुंडाळलेलं काहीतरी दुरून नेलं, एवढंच. ताई म्हणायच्या, "मी पाह्यलं नाही. त्यात कोण होतं, मले काय माहीत?"

आपल्याकडे जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. बायकांनी ताईंना तेच सुचवलं, तर त्या भडकल्या. "जिले भाऊ नाही तिनं ओवाळावं चंद्राले. माझा भाऊ आहे." दर वर्षी त्या पाट मांडायच्या, रांगोळी काढायच्या आणि रिकाम्या पाटापुढं ताट धरून उभ्या राहायच्या. आम्ही म्हणायचो, होईल हळूहळू ठीक. खरं सांगायचं तर दिवाळीत कोणाला रडकं तोंड नको असतं. पंखे पुसा, माळे झाडा, जाळी काढा. माणसाच्या मनात काय साचलंय ते विचारायला मात्र कोणाला सवड नसते. मला या गोष्टीचा अजून संताप येतो.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि ताईंनी घर आवरायला काढलं. ट्रंका उपसल्या, चांगल्या साड्या वाटून टाकल्या. गोल बाजारातून घेतलेली पितळेची परात माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "घे. तुझा डोळा होताच हिच्यावर." होताच. मी घेतली. सगळ्या म्हणाल्या, वनमालाबाई सावरल्या बरं का, घर कसं लख्ख केलंय. मलाही तसंच वाटलं.

माझ्या मुलीला, गंधालीला, मात्र वाटलं नाही. ती कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. पाडव्याच्या सकाळी म्हणाली, "आई, मौसी के घर में कोई आदमी है क्या?"

"काहून?"

"रोज़ शाम को आवाज़ आती है. मौसी उससे बात करती हैं."

मी तिला झापलं, आणि दिवेलागणीला स्वतःच भिंतीला कान लावला. बाहेर फटाके फुटत होते. ते जरा थांबले तेव्हा ताईंचा आवाज आला, "चिवडा आवडला का रे?" मग काहीच नाही. मग एक जड, संथ, घशातून ओढून काढलेला आवाज. "तायडे, किती वाट पाहू? या वर्षी तूच ये."

तो हेल मी ओळखत होते. तो नरहरचा होता. मी भिंतीपासून अशी मागं सरले की मागची समई कलंडली. त्या दिवशी पलीकडे जायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संध्याकाळी अपर्णा आली. ही ताईंच्या हाताखाली शिवण शिकणारी पोट्टी. आनंदात होती. "दीदी, ताईनं मले आपली मशीन देऊन टाकली! आता त्यांले काही शिवायचं नाही म्हणे."

परात. साड्या. आता मशीन. ताई घर आवरत नव्हत्या, निघायची तयारी करत होत्या. आणि आम्ही सगळ्या त्यांचं कौतुक करत एकेक वस्तू घरी नेत होतो.

मी तशीच धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. खोली सामानावाचून रिकामी, दिवा न लावलेला, फक्त औक्षणाच्या ताटात निरांजन. पाटापुढच्या बशीत अर्धी खाल्लेली चकली होती. पाटाभोवतीची रांगोळी विस्कटलेली, टाचांनी पुसल्यासारखी. ताई नवी साडी नेसून भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण नजर माझ्या मागच्या दाराकडे होती.

"हळू ये शारदा. तो आताच उठला."

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. आडवळणानं विचारायची ही वेळ नव्हती.

"ताई, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

त्यांनी नव्या साडीचा पदर सारखा केला. मग अगदी साधेपणानं, भाजी आणली का विचारल्यावर सांगावं तसं म्हणाल्या, "हव. आज. तो न्यायले येऊन राहिला."

मी सरळ जाऊन नरहरच्या पाटावर बसले. पाट उबदार होता. मग खाली पाहिलं तर ताईंच्या टाचा रांगोळीनं पांढऱ्या झालेल्या दिसल्या, आणि पाटावर कोण बसत होतं, त्याच्या आवाजात कोण बोलत होतं, ते मला कळलं. कळल्यावर भीती कमी झाली नाही, वाढली.

"उठ तिथून! त्याची जागा आहे ते!"

"नाही उठत. आता सांगा, कुठं बसते तो? मले ओवाळा."

त्यांनी माझा दंड धरून ओढलं. त्या हातांत जोर होता. मी दोन्ही हातांनी पाट घट्ट धरून बसले, रडत आणि ओरडत, "नाही उठणार, नाही उठणार." ओढता ओढता त्यांचा हात एकाएकी सैल पडला. त्या माझ्यासमोर मटकन बसल्या.

"शारदा, मेला ना गं तो?"

"हो ताई. मेला."

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी सरळ सांगितलंच नव्हतं. त्या मोठ्यानं रडल्या, गल्लीची पर्वा न करता, आणि मी त्यांना रडू दिलं. नंतर मला ओवाळलं. मी विचारलं, "ओवाळणी काय टाकू?"

"मले तुझ्या घरी झोपू दे. इथं तो बोलवते."

त्या रात्री त्या माझ्या आणि गंधालीच्या मधे झोपल्या. सकाळी मी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत म्हणाल्या, "मी पागल नाही." मी म्हटलं, "दात दुखला तर दातवाल्याकडे जाता ना? मग चला." गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याची फेरी सुरू झाली. आवाज एका दिवसात थांबला नाही. उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून यायचा. आला की त्या भिंत ठोकायच्या आणि मी जायचे. अपर्णानं मशीन आपणहून परत आणली. परात माझ्याकडेच आहे. त्यावरून टोमणे खाते.

यंदाच्या भाऊबीजेला ताई आधी गच्चीवर गेल्या. बीजेची कोर दिसायला लागली होती. त्यांनी चंद्राला ओवाळलं. खाली येऊन मला हाक मारली. पाट मांडलेला होता, रांगोळी जशीच्या तशी. देवाचं नाव घेऊन मी टेकले.

पाट गार होता.

"हसून काहून राहिली?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. ओवाळा लवकर, पोटात कावळे ओरडून राहिले."

ताट हातात घेतलेल्या ताई क्षणभर थांबल्या. मग डोळे पुसले आणि मला ओवाळायला लागल्या.