जास्तीची सव्वा मूठ

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिण्यात चुका निघतील, पण खोटं लिहिणार नाही. माझा एकुलता मुलगा मिरची भरून नंदुरबारला निघाला आणि गाडी उलटून जागीच गेला, त्या गोष्टीला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लोक येऊन सांगायचे, देवाच्या मनात काही असेल. मला राग यायचा. असेल तर माझ्या तोंडावर सांगावं, असं मी देव्हाऱ्यापुढे उभं राहून मोठ्याने बोललो आहे.

श्रावणात आमच्या घरी खानदेशची देवी कानबाई बसते. मला बसवायची नव्हती. सुनेने हात जोडले, तिच्यासाठी हो म्हटलं. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू मोजायची आमची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आता पुरुष मी एकटाच. पण हाताची जुनी सवय. माझी मूठ टाकली आणि पाठोपाठ मुलाचीही टाकून बसलो. "आबा, दोन मुठी टाक्यात," सून हळूच म्हणाली. मोजलेले गहू परत काढत नाहीत. चूक माझी, आणि ओरडलो मी तिच्यावर.

रविवारी देवी बसली. आम्ही दोघं जेवलो आणि मुलाच्या वाटणीचा रोट ताटात राहिला. सून म्हणे, "त्यासना घास मी कशी खाऊ?" माझ्याही घशाखाली उतरेना. हा रोट टाकता येत नाही, गुराला घालता येत नाही, उंबऱ्याबाहेर नेता येत नाही. घरात बसून भाऊबंदांनीच संपवायचा. गावात माझा भाऊबंद एकच, सख्खा मोठा भाऊ. बांधावरून अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मुलाच्या तिरडीला तो खांदा द्यायला आला, तेव्हा मीच त्याला हाताने बाजूला सारलं होतं.

तासभर ताटाकडे बघत बसलो. देवीला नको ते बोललो. मग उठलो आणि गेलो.

भाऊ त्याच्या ओट्यावर बसला होता. "पाच घरं चालाले अकरा वरीस लाग्यात तुले?"

"रोट उरना शे," मी म्हटलं. "पोऱ्याना शे."

तो उठला. माझ्या मागे आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. मग म्हणाला, "मन्हा दात नहीत. कुस्करी दे."

मी कुस्करून दिला. त्याने कणही ठेवला नाही.

मुलगा का नेला, हे देवीने मला अजून सांगितलेलं नाही. भाऊ मिळाला म्हणून मुलाची भरपाई झाली, असं कोणी म्हटलं तर मी आजही त्याच्या अंगावर जाईन. पण ती दुसरी मूठ माझ्या एकट्याच्या हाताची नव्हती, एवढं मला कळतं. तिला जे करायचं ते ती मला विचारून करत नाही. हे कडूच आहे. तरी तिच्यापुढे मान वाकवली, आणि तिचे उपकार मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई नदीवर विसर्जनाला न्यायची होती. तिचा पाट पहिल्यांदा घराण्यातल्या मोठ्याने उचलायचा असतो. भांडणापासून तो मान मीच घेत आलो होतो. त्या सकाळी अंघोळ करून पुन्हा त्याच्या ओट्यापुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "चाल दादा. मोठा तू शे. पाट तू उचल."