दुनाळीची डावी नळी

माझा राग नाकावर असतो. सौंसरात माझ्या वेल्डिंगच्या दुकानाजवळ उभं राहून कोणालाही विचारा. गिऱ्हाईक डोक्यावर बसून घाई करायला लागलं की मी टॉर्च खाली ठेवतो आणि म्हणतो, घे बापा, तूच कर. अशा मला एका बाईनं अख्खा दिवस धाकात ठेवलं, आणि त्या दिवसापासून मी त्या बाईचं नाव निघालं की हात जोडतो. बायको चिडवते, "म्याडमची लय तारीफ करून राहिले!" करून राहिलो, तर करून राहिलो.

पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरची गोष्ट. ओळखीच्या एका शिपायाचा फोन आला. कोर्टानं सरकारजमा केलेल्या जुन्या बंदुका नष्ट करायच्या आहेत, गॅस कटर घेऊन पांढुर्ण्याला येशील का? मी नाहीच म्हणणार होतो. दुकानात काम पडलं होतं. मग सहज विचारलं, कुठल्या कुठल्या आहेत? त्यानं यादी वाचली, आणि रामाकोन्याच्या संत्र्याच्या बागेतली दुनाळी त्यात निघाली. मी म्हणालो, "येतो. पण ती मीच कापणार."

ती बंदूक मला माझ्या हातानं कापायची होती. बाकी काही नाही. तिनं माझ्या मोठ्या भावाचा पाय नेला होता.

मी तेव्हा विशीत होतो, आयटीआय नुकतंच संपलं होतं. भाऊ ज्या बागेत कामाला होता, तिच्या बाजूला एका शेतकऱ्याची बाग होती. रानडुकरं झाडांची मुळं उकरत, म्हणून तो विनापरवाना भरमार बंदूक खुंटाला बांधून ठेवायचा. भरमार म्हणजे तोंडातून बारूद आणि छर्रे ठासायची बंदूक; ही दोन नळ्यांची, म्हणून दुनाळी, प्रत्येक नळीला वेगळा चाप. चापांना दोरी बांधायची आणि ती वाटेवर आडवी ताणायची, डुकराचा पाय लागला की बार. सकाळी उजाडलं की तो दोरी काढून टाकायचा. एका सकाळी विसरला. भाऊ मोटर चालू करायला त्या वाटेनं गेला, आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी आणि माय मागेच कापूस वेचायला निघालो होतो. मायनं त्याला उचललं. मी बंदूक खुंटावरून उपसली आणि भाऊ दवाखान्यात पोचल्यावर सायकलला बांधून ठाण्यात नेऊन आपटली. त्या माणसानं लगेच गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली, बाग विकली आणि कुठंतरी निघून गेला. त्याच्यावरचा माझा राग मात्र इथंच राहिला.

तर मी सिलिंडर गाडीत टाकून पोचलो. मैदानाच्या कडेला मातीची जाड भिंत, तिच्यासमोर वाळूची पोती, पोत्यांवर बंदूक आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. एक महसुलातले साहेब, बंदुका दुरुस्त करणारा एक हवालदार, व्हिडिओ काढणारा एक जण. आणि ती बाई. मालखान्याची, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीची जबाबदारी असलेली हेड कॉन्स्टेबल. रिटायर व्हायला आलेली, चष्मा दोरीनं गळ्यात, पायात साध्या चपला. मला वाटलं, ही चहा-बिस्किटाचं बघायला आली असेल.

पहिली बंदूक आली. मी शिकंज्यात आवळली, नळीच्या बरोबर मधोमध आग धरली, दोन तुकडे. सफाईदार काम. मी बाईंकडे शाबासकीसाठी पाहिलं.

बाईंनी मागचा तुकडा चिमट्यानं उचलला. "भाऊ, हे काय केलं तुमी?"

"कापली."

"कापली नाही. छोटी केली. आता हिले खिशात घालून फिरता येते. लोकं याच्यासाठीच तर चोरून कापतात."

माझे कान लाल झाले. तीस वर्षं होत आली लोखंड कापतोय, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. कोणताही वेल्डर हीच चूक करेल, कारण आम्हाला एकच ठाऊक: तुटलं म्हणजे संपलं. बाईंनी चष्मा लावला आणि खडूनं खुणा करून दिल्या. जिथं बारूद पेटते ती नळीची मागची बाजू उभी चिरायची. नळी तिरप्या रेघेत तीन ठिकाणी तोडायची, म्हणजे पुन्हा जोडली तरी सरळ येत नाही. चाप-घोड्याचा सांगाडा वेगळा जाळायचा. "तुमच्यासारखाच कोणी हुशार कारागीर हे तुकडे जोडायले बसंल, त्याचं डोकं लावून विचार करा," त्या म्हणाल्या. मला टोमणा मारला की मान दिला, हे अजून कळलं नाही.

आणि प्रत्येक बंदुकीआधी त्यांचं एक ठरलेलं होतं. आधी बंदुकीला बांधलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचायची: कुठली केस, कोणाला लागली. मग नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून आत लोखंडी गज सारायचा, तोंडाशी गजावर खडूची खूण करायची, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहायचा. गज तळापर्यंत पोचला तर नळी रिकामी. नाही पोचला, तर आत काहीतरी आहे. एकदा बाई करायच्या, एकदा तो हवालदार. दोघांचं जमलं तरच मला इशारा.

अरे, किती वेळ! ऊन चढत होतं, गॅस जात होता, मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मधेच एक पितळी नक्षीची बंदूक निघाली. साहेब हसत म्हणाले, इतकी सुंदर चीज, ऑफिसच्या भिंतीवर शोभली असती नाही? बाईंनी चिठ्ठी वाचली. त्या बंदुकीनं एका बाईचा जीव घेतला होता, घरच्या भांडणात. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, तिची पोरगी आता कॉलेजात असंल. कधी दाखला काढायले ऑफिसात आली तर?" साहेब चांगला माणूस होता. स्वतः उठून ती बंदूक शिकंज्यापर्यंत आणून दिली.

मग आमची आली. चिठ्ठी वाचायची गरज नव्हती, लाकडी दस्त्यावरची चीर मला पाठ होती. बाई वाचायला लागल्या आणि मी ती उचललीच. शिकंज्यात उलटी आवळली, मागची बाजू भिंतीकडे, नळ्यांची तोंडं माझ्या पोटाकडे. टॉर्च पेटवला.

बाईंनी सिलिंडरची चावी बंद केली. आग फुस्स करून विझली.

"म्याडम, आता मधात येऊ नका!" मी ओरडलोच. "ही सुटलेली बंदूक आहे. माझ्या भावाच्या पायात सुटलेली. हिच्यात काय राहिलं असंल?"

बाईंनी चिठ्ठीवरचं आडनाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी बाटली पुढं केली. "पाणी प्या आधी. कापाची तर तुमीच कापा, मी नाही म्हणत नाही. पण रागात आग हातात घ्यायची नाही. आणि हिले नळ्या किती हाय?"

"दोन."

"आवाज किती झाले होते?"

एकच झाला होता.

बंदूक फिरवून नळ्या भिंतीकडे केल्या. गज त्यांनी माझ्याच हातात दिला. उजव्या नळीत तळापर्यंत गेला. डाव्या नळीत चार बोटं आधीच थांबला. मी पुन्हा सारला. पुन्हा तिथंच. खरं सांगतो, मी तिथंच वाळूच्या पोत्यावर बसलो. गुन्हा कबूल झालेला, म्हणून कोणी तपासायला पाठवली नव्हती. सुटलेली म्हणजे रिकामी, असंच सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. त्या बारुदीवर मी आग धरणार होतो, आणि समोर माझं पोट होतं.

सगळ्यांना मागं सारलं. हवालदारानं नळीत पाणी भरलं, आणि आम्ही ती भिजायची वाट पाहत बसलो. बाईंनी त्या वेळात एका शब्दानं मला टोचलं नाही. दुपार कलल्यावर त्यानं आतली चिंधी, छर्रे आणि काळा चिखल हुकानं बाहेर ओढला. दोघांनी पुन्हा गज सारला. मग बाई म्हणाल्या, "हां भाऊ, आता." मी दोन्ही नळ्या उभ्या चिरल्या, खडूच्या रेघेवर, एक सूतही इकडंतिकडं न होता. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

शेवटी सगळे तुकडे पेटीत भरून सील झाले. भंगारात एक स्क्रूही गेला नाही. पेटी भट्टीवर जायची होती, आणि तुकड्यांचं पाणी होईपर्यंत समोर उभं राहायला बाई स्वतः गाडीत पुढं बसल्या. मी म्हणालो, "म्याडम, कोणालाही पाठवलं असतं." त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं या बंदुका मी सांभाळल्या. आता संपवायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात कायले टाकू?" अशी माणसं आपल्याकडे आहेत आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी घरी आलो. भाऊ ओट्यावर बसला होता, लाकडी पाय काढून बाजूला ठेवलेला. मी त्याला सगळं सांगितलं, बाई, गज, डावी नळी. वाटलं, तो म्हणेल, वाचलास बापा. तो माझ्या हातांकडे पाहायला लागला.

मग हळूच म्हणाला, "तू ती खुंटावरून उपसली ना, तेव्हा खट् झालं होतं."

"काय खट्?"

"घोडा पडला होता दुसरा. मी आडवा होतो, मले आयकू आलं. मले वाटलं रिकामीच हाय, सुटली ना. रात्रीच्या दवानं बार पेटवायची टोपी ओली झाली असंल, म्हणून पेटली नसंल." त्यानं लाकडी पाय जवळ ओढला. "चापाची दोरी तशीच बांधलेली होती, तू झटका मारला तेव्हा माय मले उचलाले वाकली होती. बंदुकीच्या समोर."

इतकी वर्षं मी त्या शेतकऱ्याला शिव्या दिल्या. दोरी काढायला विसरला म्हणून. आणि मी तर धडधडीत उजेडात, डोळे उघडे ठेवून, माझ्याच मायवर चाप ओढला होता.

मी उठून आत गेलो. माय चुलीजवळ भाकर थापत होती. तिच्या बाजूला जमिनीवर बसलो आणि मला रडू कोसळलं, लहान लेकरासारखं. तिनं विचारलं, "कापली का रे ते?" मी मान हलवली. तिनं पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला. तिला वाटलं, मी भावाच्या पायासाठी रडतोय.

"आता कायले रडतं बापा," ती म्हणाली, "वाचला ना तो."