नाजिमाबींचं फिटिंग

नारायण पेठेत नाजिमाबींकडे ब्लाउज शिवायला टाकायचा तर अपमानाची हौस असावी लागे. "मागच्याच मापाचा शिवा," म्हणणाऱ्या बाईला त्या चष्म्यावरून न्याहाळत. "माप मागचंच आहे हो, बाई मागच्या राहिल्या नाहीत." तरी चाळीस वर्षं गिऱ्हाईक हटलं नाही, कारण फिटिंग.

बासष्टाव्या वर्षी पित्ताचे खडे शोधायला सोनोग्राफी केली, तर पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला आलेला फुगा सापडला. फुटला तर सगळंच संपलं. पोट न फाडता, जांघेतून कापडी नळी आत बसवायची, असं डॉक्टर पूर्वांनी समजावलं. नळीला तारेचा सांगाडा, आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फाट्यांसाठी दोन गोल खिडक्या.

"म्हणजे काजं," नाजिमाबी म्हणाल्या. टाका कसला घालतात, याची चौकशी त्यांनी आजारापेक्षा जास्त आस्थेनं केली.

डॉक्टरांनी स्कॅनवरून संगणकात उभी केलेली त्यांची रक्तवाहिनी दाखवली. लेक मेहजबीन भारावून गेली. ती आयटीत असल्यामुळे पडद्यावर दिसेल ते तिला खरंच वाटे. नाजिमाबींना मात्र वाकडीतिकडी रक्तवाहिनी पाहून शंका आली. आत कडक तार घातली की ती ताणली जाणार.

"कापड ओढलं की काज सरकतं, डॉक्टर."

डॉक्टर हसल्या नाहीत. हे सिम्युलेशन त्यासाठीच होतं. त्यांनी ते पुढे चालवलं. तार आत शिरली, रक्तवाहिनी सरळ झाली, आणि डावी खिडकी फाट्यापासून चार मिलिमीटर सरकली. तशीच बसवली असती तर डाव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटला असता. नळी नव्या मापानं बनवून घ्यावी लागणार होती. तीन आठवडे.

अर्ध्या पेठेला "मंगळवारी या" सांगून कुठला मंगळवार ते न सांगणाऱ्या नाजिमाबींना ही दिरंगाई फार लागली. त्या तीन आठवड्यांत त्यांनी पडून राहिलेले सगळे ब्लाउज पुरे केले. कपडे वेळेवर मिळताहेत म्हटल्यावर पेठेत काळजीचं वातावरण पसरलं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मेहजबीनचा हात घट्ट धरला होता. अम्मीला भीती वाटतेय का, असं तिनं विचारलं.

"मला कसली? तुला वाटत असेल म्हणून धरलाय."

चार तास लागले. दोन्ही खिडक्या नेमक्या फाट्यांवर बसल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नवा स्कॅन दाखवला. नाजिमाबींनी तो बराच वेळ पाहिला.

"बरं बसलंय," त्या म्हणाल्या.

एवढं कौतुक त्यांच्या तोंडून मेहजबीननं स्वतःच्या इंजिनियरिंगच्या निकालालाही ऐकलं नव्हतं.